मजेत

पहिल्याच फोनवर माझी जीभ घसरली. सासूबाईंनी विचारलं, "कशी आहेस गं?" आणि मी म्हणून गेले, "मजेत."

आता मजेत या शब्दात एवढं काय आहे? जिन्यात शेजारीण विचारते, रस्त्यात भाजीवाला विचारतो, बँकेत ओळखीचा शिपाई विचारतो, आणि आपण म्हणतो, मजेत. दाढ ठणकत असली तरी मजेत. घरात भांडण करून बाहेर पडलो असलो तरी मजेत. दार लोटताना कडी वाजते तसा तो शब्द आपोआप वाजतो, त्याच्याकडे कोणी बघतही नाही. पण पोटची पोर मागे ठेवून परदेशी शिकायला गेलेल्या बाईच्या तोंडून तो निघाला, की त्याला अर्थ फुटतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला. मग वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, लांबून म्हणाल्या, "मजेत आहे म्हणे." कोणाला उद्देशून नाही, खोलीला सांगावं तसं. आणि सासूबाई म्हणाल्या, "बरं आहे बाई. इथे पोर कालपासून तापाने फणफणलीय, आम्ही आळीपाळीने मांडीवर घेऊन बसलोय. तुझं मजेत चाललंय ना, मग झालं."

ठकीला ताप आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ठकी माझी लेक. कागदावरचं नाव मोठं भारदस्त आहे, पण जन्मली तेव्हा दुपट्यात लाकडी बाहुलीसारखी ताठ पडून सगळ्यांकडे टकामका बघत होती, म्हणून ठकी. आता ती पळते, चिडते, शब्दाला शब्द जोडायला लागलीय. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. झोपताना तिला कोणाच्या तरी कानाची पाळी धरायला लागते. ती पाळी माझी होती.

संध्याकाळी नवऱ्याचा वेगळा फोन आला. "ताप उतरलाय, काळजी करू नकोस. पण आईसमोर जरा जपून बोलत जा."

"मी काय बोलले?"

"मजेत म्हणालीस."

"लोक म्हणतात तसं म्हणाले रे."

"लोकांची पोरं लोकांपाशी असतात," तो म्हणाला. अगदी हळू. त्याचा आवाज कधी चढत नाही. त्याच्याशी भांडायला बसावं, तर धरायला कडाच सापडत नाही.

मी गप्प बसले, कारण माझा जीव एका गोष्टीत अडकला होता. मी निघण्याआधी घरात ठरलं होतं, की आधी मी एकटीने जायचं, बस्तान बसवायचं, आणि थंडी सरली की नवऱ्याने रजा काढून ठकीला माझ्याकडे आणून सोडायचं. पुढचा सगळा अभ्यासक्रम ती माझ्याजवळ. विद्यापीठाचं स्वतःचं पाळणाघर होतं, विद्यार्थिनींच्या मुलांसाठी. सामान उघडायच्या आधी मी तिथे जाऊन तिचं नाव घातलं होतं. सासूबाईंनीही मान हलवली होती. फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "तिकडचं कसं आहे ते कळू दे. नीट वाटलं तर पाठवू."

नीट वाटलं तर. त्या वेळी मला ती अट वाटलीच नव्हती.

मी शिकायला आले होते मुलांचं बोलणं. उशिरा बोलणारी मुलं, अडखळणारी, अक्षरं गिळणारी, एका अक्षराच्या जागी दुसरं लावणारी. दवाखान्यातल्या एका खोलीत मूल आणि बाई खेळत बसत. मधल्या काचेतून त्यांना आम्ही दिसत नसू, आम्हाला ती दिसत. आम्ही हेडफोन लावून ऐकायचं आणि कागदावर दोन रकाने भरायचे. पहिल्यात, मूल काय म्हणालं. दुसऱ्यात, मुलाला काय म्हणायचं होतं. पहिला रकाना कानाने भरतो. दुसऱ्यासाठी मूल हात कुठे करतंय, कोणाकडे बघतंय, आधी काय मागत होतं, सगळं ध्यानात ठेवावं लागतं. परक्या भाषेतली परकी मुलं पहिलेवहिले शब्द बोलत आणि मी ते टिपून घेई. माझी पोर तिकडे बोलायला लागली होती. तिचा दुसरा रकाना मला भरता येत नव्हता.

पुढच्या रविवारी मी सावध होते. माझी सकाळ, त्यांची दुपार. सासूबाईंनी विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे," मी म्हणाले, आणि काहीतरी पुढे जोडायचं म्हणून म्हणाले, "खोली माळ्यावर मिळालीय. छप्पर उतरतं आहे, उठताना डोकं आपटतं."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "अगं बाई! लागलं का? टेंगूळ आलं का? आणि जेवणाचं काय करतेस?"

"दुपारचा पावच असतो."

"नुसता पाव? गरम काही नाही पोटात?" मग फोन सोडून घरातल्यांना, "ऐकलंत का, नुसत्या पावावर राहते. काय हाल गं पोरीचे."

पोरीचे. लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून मी 'अगं' होते, 'तुझी बायको' होते, 'ठकीची आई' होते. पोरी म्हणून हाक पहिल्यांदाच आली. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

सासूबाई वाईट नाहीत. सुखातल्या माणसाशी काय बोलावं ते त्यांना सुचत नाही, एवढंच. कोणी आजारी पडलं की डबा घेऊन त्या डॉक्टरच्याही आधी पोचतात. लग्नाचं आमंत्रण आलं, की त्यांचे गुडघे दुखायला लागतात. मला ती किल्ली सापडली, आणि दर रविवारी मी ती फिरवत गेले.

एक मात्र खरं, मी एकही खोटं बोलले नाही. फक्त प्रत्येक गोष्ट पालटून, उलटी बाजू वर करून दाखवली. खोली माळ्यावर होती, डोकंही आपटायचं. पण त्या उतरत्या छपरात माझ्या उशीच्या बरोबर वर काचेची खिडकी होती, आणि पडल्या पडल्या ढग एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने जाताना दिसत. दुपारी पावच असायचा. पण कोपऱ्यावरच्या बेकरीतून तो इतका गरम मिळे की कागदातून हात भाजत, आणि मी तो खोलीपर्यंत कधी पोचूच दिला नाही, चालता चालता तोडून तोडून संपवला. धुणं पिशवीत भरून लांबच्या दुकानात न्यावं लागे, हेही खरं. पण ती जागा म्हणजे माझं सुख होतं. बाहेर गारठा, आत साबणाची ऊब. भिंतीला लावलेली यंत्रं, त्यांच्या गोल काचांमागे गोल गोल फिरणारे कपडे, आणि आपल्या पिवळ्या ओढणीची वाट बघत बसलेली मी. ती आली, गेली, पुन्हा आली. बाकावर शेजारी एखादी आजी झोपलेली. कोणी काही मागायला येत नाही, कोणाला काही वाढायचं नाही.

हे मी कोणाला सांगणार? म्हणून मी ते ठकीसाठी ठेवून द्यायला लागले. हे तिला दाखवायचं. तेही तिला दाखवायचं.

सगळ्यात जास्त पूल. शहराच्या मधून नदी जाते आणि तिच्यावर एक पूल आहे, जो उठतो. बोट आली की घंटा वाजते, दोन्हीकडून दांडे खाली येतात, आणि रस्ता मधोमध दुभंगून हळूहळू उभा राहतो, दिव्यांच्या खांबांसकट. सायकली थांबतात, गाड्या थांबतात, घाईने निघालेले कोटवाले साहेब थांबतात. कोणी हॉर्न वाजवत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंड उघडं टाकून मोठ्याने हसले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून टोपी उचलली, जणू पूल त्याच्या मालकीचा होता.

मग मला एक खोड लागली. कुठे काही छान दिसलं, की मी पटकन उकिडवी बसायची. पुलावर, तळ्याकाठी बदकांपाशी, बेकरीच्या काचेसमोर.

"काय हरवलंय?" दातवाली विचारायची. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. आपल्याच भाषेतली, बिनलग्नाची, दातांचं पुढचं शिक्षण घ्यायला आलेली. बोलणं सणसणीत.

"ठकीच्या उंचीवरून काय दिसतं ते बघतेय."

"काय दिसतं?"

"कठड्याच्या फटीतून पाणी दिसतं. बोटीचा वरचा भाग नाही दिसणार. उचलून घ्यावं लागेल."

"उचल मग, कंबर मोडून घे. बेकरीच्या काचेतून काय दिसतं?"

"खालच्या फळीवरची बिस्किटं."

"म्हणजे पोरीचं बरोबर चाललंय."

माझे रविवारचे फोन दातवालीला भिंतीतून ऐकू जात. एकदा मी फोन ठेवून बाहेर आले, तर ती स्वयंपाकघरात चहा ढवळत माझीच वाट बघत होती.

"ऐक ना," ती म्हणाली, "आपण नक्की कुठे राहतो? एवढं ऐकल्यावर मला माझ्यासाठीच गहिवरून आलं. आता मीच आईला फोन करून रडणार होते."

"मी खोटं काही बोलले नाही."

"कुठे म्हणतेय? वाऱ्याने दार आपटतं म्हणालीस, आपटतंच. जिना अंधारा आहे, आहेच. पण तू जिना आणि वारा एवढंच सांगतेस, बाई. आमच्याकडे असा पेशंट येतो. बाकी सगळे दात धड असतात आणि तो एकच किडलेला दात दाखवत बसतो."

"मग काय करायचं?"

"काय करायचं, उपटायचा," ती म्हणाली आणि माझ्यापुढे चहा सरकवला. "पण आधी त्याला म्हणावं लागतं, आ कर."

मी हसण्यावारी नेलं. मला वाटत होतं, माझं बरोबर चाललंय. घरातलं वातावरण निवळलं होतं. सासूबाईंनी माझ्यासाठी मफलर विणायला घेतला होता, राखाडी रंगाचा, मळखाऊ. आणि ठकीसाठी पिवळा स्वेटर. "तिकडे यायचंय ना तिला," त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य मी उशाशी घेऊन झोपले. वन्संनीसुद्धा एकदा स्वतःहून सांगितलं, की ठकी आता त्यांच्या कुशीत झोपते, कानाची पाळी धरते, म्हणून त्या संध्याकाळीच कानातलं काढून ठेवतात, तिला टोचू नये म्हणून. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. आणि फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून बसले.

मग एका रविवारी व्हिडिओवर वन्संच्या मांडीवर ठकी होती. केस विंचरलेले, गालाला पावडर.

"ठके, आईला दाखव बरं आपली गंमत," वन्सं म्हणाल्या. "सांग, आई कशी आहे?"

ठकीने दोन्ही हात कपाळावर मारून घेतले आणि मान डोलावत म्हणाली, "हाल! हाल-हाल!"

घर हसलं. सासूबाई पदराने डोळे पुसत हसल्या. नवरा मागे उभा राहून हसला. मीही हसले, कारण ती इतकी गोड दिसत होती, आणि सगळे हसताहेत म्हणून तिने लगेच पुन्हा केलं. हाल-हाल. मोकळी, सोपी अक्षरं, तीच दोनदा. मुलांना असे शब्द पटकन येतात.

"सगळ्यांना करून दाखवते," वन्सं कौतुकाने म्हणाल्या. "काल वरच्या मजल्यावरच्या काकू हसून हसून लोळल्या."

पुढच्या खेपेला फोन लागताच, माझा चेहरा पडद्यावर उमटण्याआधीच, ठकीचा आवाज आला, "हाल-हाल आली! हाल-हाल आली!"

मी काचेच्या अलीकडे बसून दुसऱ्यांच्या मुलांचं जे करत आले, ते सवयीने माझ्याही डोक्यात झालं. पहिल्या रकान्यात, हाल-हाल. दुसऱ्यात काय, ते समजायला मला जराही वेळ लागला नाही. तिला ते माझं नाव वाटत होतं.

थंडी सरली. तळ्याकाठच्या झाडांना कोवळं काहीतरी फुटलं. आणि पाळणाघराचा फोन आला, की जागा झालीय, मूल कधी येणार ते कळवा. तिथल्या बाईंनी मला आत नेऊन दाखवलं. कोट अडकवायच्या खुंट्या ओळीने, बुटक्या उंचीवर, प्रत्येकीवर वेगळं चित्र. रिकाम्या खुंटीवर बदक होतं. मी अर्थातच उकिडवी बसले. खुंटी बरोबर हाताला येत होती.

रविवारपर्यंत मला धीर निघाला नाही. भर दुपारी विद्यापीठाच्या पायरीवर बसून घरी फोन लावला. "जागा मिळाली! रजेचं बघ. तिकिटाचं बघ."

नवरा म्हणाला, "हो. त्यावर आम्ही बोललो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, आई, ताई." मग घसा साफ केला. "आम्हाला वाटतं, एवढ्यात नको."

"नको म्हणजे?"

"थांब, आईच बोलतेय."

सासूबाईंचा आवाज मायेने जड झाला होता. तो चिडका असता तर मला सोपं गेलं असतं. "हे बघ पोरी, तू सोसतेस ते सोसतेस. शिक्षणासाठी माणूस सोसतं. पण त्या तान्ह्या जिवाला कशाला त्या माळ्यावर? डोकं आपटेल, वारा लागेल. नुसता पाव खाऊन पोर वाळून जाईल गं."

"आई, तसं नाही. छपराला खिडकी आहे. तिथून ढग दिसतात. ऊन येतं."

"आता खिडकी आली?" वन्संचा आवाज. म्हणजे फोन स्पीकरवरच होता. "इतके दिवस कुठे होती ही खिडकी?"

"होतीच, ताई."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"आणि खाली मोठी खोली रिकामी होतेय, मी विचारून ठेवलंय. पाळणाघरात गरम जेवण देतात. तळं आहे, बदकं आहेत, एक पूल आहे, तो उठतो..."

"पूल उठतो," वन्सं म्हणाल्या.

"खरंच उठतो!"

"हे बघ, मला एकच सांग," वन्सं म्हणाल्या. "तेव्हा सांगत होतीस ते खरं, की आता सांगतेस ते?"

"दोन्ही खरं आहे."

"असं कसं? तेव्हा हाल होते, तर मूल नेऊ नये. नव्हते, तर मग इतके दिवस आईला रडवलंस कशाला? ती इथे तुझ्या नावाने घास गिळत नव्हती."

ज्या दारातून बाहेर पडायला बघावं, ते मीच आतून लावून घेतलेलं होतं.

नवरा म्हणाला, "तू उगाच वाईट वाटून घेऊ नकोस. पण सगळं तुझ्याच तोंडचं आहे. आम्ही मनाने काही जोडलेलं नाही."

"मी येते आणि घेऊन जाते तिला."

"आणि परीक्षा? आणि माझ्या सहीशिवाय तिचा व्हिसाचा कागद पुढे कसा जाणार? असं हट्टाने करायचं असतं का? पुढच्या वर्षी बघू. तोपर्यंत तुझा कोर्सच संपत येईल. मग आणायचा प्रश्नच नाही." प्रश्नच नाही, हे तो माझी समजूत काढायला म्हणाला.

तेव्हा मी ओरडले. पायरीवर बसलेले दोघेतिघे वळून बघायला लागले. "अरे, मजाही आहे इथे! मला इथे मजा येते! तिलाही येईल!"

पलीकडे पंखा फिरत राहिला. अगदी पहिल्या दिवशी फिरत होता तसाच.

"बघ," वन्सं हळूच म्हणाल्या, कोणाला तरी, खोलीला. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

फोन ठेवायच्या आधी सासूबाई पुन्हा आल्या. त्यांना मला असंच सोडवत नव्हतं. "रडू नकोस गं. तुझा मफलर झालाच आहे. ठकीचा स्वेटर आता लागायचा नाही, पुढच्या वर्षी तिला व्हायचाही नाही. तो उसवते आणि ती लोकर तुझ्या मफलरला जोडते. लांब होईल. गळ्याभोवती दोन वेढे बसतील."

"चालेल," मी म्हणाले.

पाळणाघरात मी जाऊन सांगितलं. तिथल्या बाई फार भल्या. काही विचारलं नाही, फक्त माझ्या दंडावर हात ठेवला. काही दिवसांनी तिथून जाताना काचेतून डोकावले, तर बदकाच्या खुंटीवर कोणाचा तरी लाल कोट होता.

दातवाली त्या आठवड्यात विनोद करायची थांबली. त्याचाच मला जास्त त्रास झाला. शेवटी एकदा भांडी घासता घासता तीच म्हणाली, "सांगून टाक ना सरळ. मी इथे सुखात आहे म्हणून."

"एकदा ओरडून सांगितलं की."

"मग?"

"मग काय. सुखात असलेल्या बाईकडे कोण पोर पाठवतं? आणि दुःखात असलेल्या बाईकडे कोण पाठवेल?"

तिने हातातली बशी पुसली, पुन्हा पुसली. "हलकटपणा आहे," ती म्हणाली. कोणाचा, ते ती बोलली नाही.

मफलर पोचला तोवर ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. लोक बाह्या सरकवून बाकांवर पसरलेले असत. राखाडी मफलर, आणि एका टोकाला हातभर पिवळा. जोड इतका सफाईदार होता, की उलटा करून बघितला तरी गाठ दिसेना. पिवळ्या भागात मात्र लोकर जरा वळ्यावळ्यांची राहिली होती, एकदा विणून उसवली की राहते तशी.

त्या रविवारी मी फोन पुलावरून लावायचा ठरवला. कठड्याला टेकून उभी राहिले, आणि व्हिडिओ सुरू करायच्या आधी मफलर गळ्याला गुंडाळला. दोन वेढे बसले. मानेवरून घाम उतरायला लागला.

"आला का मफलर! बघू, बघू," सासूबाईंचा चेहरा पडदाभर झाला. "छान दिसतोय. ऊब आहे ना?"

"फार ऊब आहे, आई. ठकीला द्या ना."

ठकी आली. तिच्या केसांची आता छोटी वेणी झाली होती, कोणी घातली ते विचारायला नको होतं. "हाल-हाल!" तिने हाक मारली, पडद्यावर बोट ठेवून. आणि नशीब म्हणायचं, तेवढ्यात घंटा वाजली.

"ठके, बघ हं, आता गंमत बघ." मी फोन वळवला आणि खाली बसले, तिच्या उंचीवर. दांडे पडले. रस्ता दुभंगला आणि वर वर जायला लागला. खालून एक निळी बोट हळूच निघाली. बोटीतल्या बाईने हात हलवला.

"पडला?" ठकीने विचारलं.

"पडला नाही गं, उठला. रस्ता उठून उभा राहिला."

"अस्ता उतला," ती म्हणाली, अगदी हळू, तोंड उघडं टाकून. तिचं ते उघडं तोंड मी कितीतरी महिने इथे एकटीनेच वापरत होते.

"आवडला?"

"पुना!"

"पुन्हा होईल. आता मला सांग, आई कशी आहे?"

दोन्ही हात कपाळाकडे निघाले. "हाल..."

"अं हं. ते नाही. माझ्या तोंडाकडे बघ." मी फोन ओठांजवळ धरला. दवाखान्यातल्या बाई मुलापुढे आरसा धरतात तसा, समोर, सरळ. "म. जे. त. आई कशी आहे? मजेत."

तिने माझे ओठ बघितले. तिचे ओठ मिटले, उघडले. ज मुलांना उशिरा येतो. जीभ तिथवर पोचत नाही, दातांपाशीच थांबते, आणि ज च्या जागी द येतो. हे मला तोंडपाठ आहे. यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलंय.

"मदेत," ठकी म्हणाली.

"शाब्बास! पुन्हा सांग. आई कशी आहे?"

"मदेत! मदत! आई मदत!" तिला तो शब्द सापडला होता, आता ती थांबायची नाही. ती वन्संच्या मांडीवर उड्या मारायला लागली. "आई मदत! आई मदत!"

आणि आई म्हणत होती. हाल-हाल नाही, आई.

तिकडे सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मदत म्हणतेय. आईला मदत करा म्हणतेय."

"नाही आई, ती..."

"ऐकलंस का रे?" त्या नवऱ्याला हाक मारत होत्या, डोळ्यांना पदर लावत. "एवढाशा जिवाला कळतंय, आईला तिकडे किती सोसावं लागतं. कोणी शिकवलं का तिला? आपलं आपण कळतंय."

वन्संनी ठकीला छातीशी धरलं. त्यांचेही डोळे भरले होते, आणि ते भरणं खोटं नव्हतं. "करू हं, मदत करू आईला," त्या तिच्या केसांत पुटपुटत होत्या. कान मोकळे होते त्यांचे. ठकीचा हात सवयीने पाळीकडे गेला.

पूल खाली आला. रस्ता रस्त्याला जुळला, दांडे उठले, सायकली निघाल्या. ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं. कोपऱ्यावरून ताज्या पावाचा वास येत होता, पाणी चमकत होतं, आणि ती सकाळ इतकी सुंदर होती की माझं मलाच चोरट्यासारखं झालं.

"पोरी, दिसत का नाहीस तू नीट?" सासूबाई फोनच्या जवळ येत म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आहे का? कशी आहेस गं?"

मी मफलर हनुवटीपर्यंत वर ओढला. पिवळं टोक.

"वारा फार आहे, आई," मी म्हणाले.